पुस्तकाबाहेर आलेली चार बोटं

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीचा निकाल बघायलाही मी गेलेलो नाही. तरी ठाणे, कल्याण, डोंबिवली या तिन्ही गावांतल्या कपाटांत मी बांधलेली पुस्तकं अजून उभी आहेत. त्यातली काही तर लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त टिकली. ही बढाई नाही. बढाई मारायची तर माझ्याकडे दुसऱ्या गोष्टी आहेत. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी माझी एक घोडचूक सांगणार आहे, आणि ती ऐकून कुणी मला अडाणी म्हणू नये. ती चूक अडाण्याची नव्हतीच. चांगल्या कारागिराची होती. अडाण्याला ती जमली नसती.

आम्ही मूळचे दिवा गावाकडचे, खाडीकाठचे. बाप मिठागरात राबला, त्याचा बापही. माझ्या पायांना मात्र ते पाणी सोसेना, बोटांच्या बेचक्यांत जखमा व्हायच्या, म्हणून मला कल्याणला एका वस्तादांकडे पुस्तकबांधणीला घातलं. वस्तादांनी मला खळ शिजवायला शिकवलं, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद किती घालायचा ते शिकवलं, दाभण कसं धरायचं ते शिकवलं, आणि एक नियम शिकवला: छापणारा चुकतो, बांधणारा झाकतो. छापखान्यातून येणाऱ्या कागदात चुका असायच्याच. एखादा फर्मा, म्हणजे बऱ्याच पानांचा एक मोठा कागद, उलटा घडी पडलेला, एखादं पान डोक्यावर उभं, मधेच एखादं कोरं पान. वस्ताद म्हणायचे, ते सगळं गुपचूप नीट करायचं आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागू द्यायचा नाही. चूक दाखवून शाबासकी मागतो तो हमाल, कारागीर नव्हे. आणि शेवटी तिन्ही बाजूंनी कापणी. कापणी न केलेलं पुस्तक म्हणजे दाढी न केलेला नवरदेव, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट घडली तेव्हा वस्तादांची नजर गेलेली होती आणि दुकान माझ्या हातात आलेलं होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं लग्न झालेलं होतं, हाताखाली माणूस नव्हता, आणि मला वाटत होतं की या धंद्यात आता मला कुणी काही शिकवायचं उरलेलं नाही.

एका सोमवारी एक ड्रॉइंगमास्तर दुकानात आले. राहायचे डोंबिवलीला, शिकवायचे कल्याणच्या शाळेत. अंगात खिसा उसवलेला कोट, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर कायम शाई. पंच्यात गुंडाळलेलं बोचकं त्यांनी माझ्यासमोर सोडलं. आत पाच पातळ पुस्तकं होती, सगळी रंगीत चित्रांची. पानापानावर चौकटी, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडातून निघालेले पांढरे फुगे आणि फुग्यांत इंग्रजी. एक दांडगा माणूस सगळीकडे उडत होता. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर झूल, आणि चड्डी विजारीच्या बाहेरून घातलेली. मी विचारलं, हा सर्कशीतला काय?

मास्तर हसले आणि समोरच्या खोक्यावर बसले. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या छावणीत गोरे सोल्जर असायचे, ही त्यांची वाचायची पुस्तकं. सोल्जर गेले, पुस्तकं बराकीत राहिली. मग त्याच बराकींत फाळणीनंतरची सिंधी माणसं आली. मास्तर एकदा तिथे पापड घ्यायला गेले, तर दुकानदारीण बाईंनी पापड या चित्रांत गुंडाळून दिले. मास्तरांनी तो कागद तिथेच उभ्याने वाचला आणि बाईंकडे उरलेली सगळी रद्दी मागून घेतली. त्यात ही पाच निघाली, एकाच चित्रकाराच्या हातची.

आता यात अडकलेलं काय होतं, ते सांगतो. मास्तरांनी ही पुस्तकं बघून सहा वर्षं खपून स्वतःची एक चित्रकथा काढलेली होती, मराठीत. ती छापायला कुणी तयार नव्हतं. कल्याणचे दोन छापखानेवाले आणि मुंबईचे तीन हसून मोकळे झालेले. उरला होता ठाण्याचा एक. तो येत्या रविवारी डोंबिवलीला एका मुंजीला येणार होता आणि जाताना मास्तरांकडे डोकावणार होता. त्याने आधीच सांगून ठेवलेलं, सुटे कागद घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजतो, त्याचं काही छापत नाही. असलं पुस्तक जगात असतं, ते हातात धरता येतं, कपाटात ठेवता येतं, हे मला दाखवा. म्हणून मास्तरांना ही पाच एका पुठ्ठ्यात हवी होती. त्याने नाही म्हटलं असतं तर मास्तरांना जायला सातवं दार नव्हतं.

उठताना ते एवढंच म्हणाले, "जपून कर रे. जसं आहे तसं."

मी म्हटलं, "मास्तर, इथे पुस्तक जसं येतं त्यापेक्षा चांगलं होऊन जातं."

मी मान मोडून काम केलं. गंजलेल्या पिना काढल्या, घडीवर फाटलेल्या पानांना आतून पट्ट्या लावल्या, सुताची शिलाई घातली. आणि पाचव्या अंकात मला चूक सापडली. मनात म्हटलं, साहेबाच्या देशातही आपल्यासारखेच लोक आहेत म्हणायचे. एक पान पाठपोट उलटं छापलेलं, माणसं डोकं खाली, पाय वर. मी ते मुळापासून कापलं, फिरवून सरळ केलं आणि खळीची बारीक रेघ देऊन परत चिकटवलं. जोड कुणाला दिसला असता तर मी मिशी काढली असती. त्याच्यापुढचं पान कोरं होतं, खाली कोपऱ्यात छापखान्याच्या शाईचे चार-पाच ठिपके तेवढे उडालेले. कागद चांगला होता, म्हणून ते पान काढून पुठ्ठ्याला आतून अस्तर लावलं, ठिपक्यांची बाजू खळीकडे. मग कापणी. काही पानांवर चित्रं कडेपर्यंत आलेली होती, पण अर्धं बोट गेल्याने चित्राचं काय बिघडतं? लाल कापडाचा कणा, कोपऱ्यांना तेच कापड. पुस्तक असं दिसत होतं की वकिलाच्या कपाटात शोभावं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मास्तर आले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी कण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा. मग उघडलं. एकेक पान उलटत पाचव्या अंकाशी आले, पुढे गेले, मागे आले, परत पुढे गेले. मग त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि रस्त्याकडे बघत बसले.

मला वाटलं, चूक कशी नीट केली ते कळलं म्हणून गहिवरले असतील. तरी मी नियम मोडून सांगितलं, की एक पान उलटं होतं, ते सरळ केलंय.

"ते उलटंच होतं," मास्तर म्हणाले.

"तेच तर सांगतोय."

"तसं नाही रे. ते उलटंच असायला हवं होतं."

मी वाद घातला. भरपूर घातला. पुस्तकात पान उलटं असायला हवं असं कोण म्हणेल? मी म्हटलं, मास्तर, तुम्ही चित्रं काढता, मी पुस्तकं बांधतो, तुमच्या चित्रात मी बोट घालत नाही. यावर मास्तर म्हणाले, "बोट घातलं नाहीस रे, बोटं कापलीस." आणि पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं, उजव्या हाताचं पान. म्हणाले, "पान उलटायला अंगठा कुठे ठेवशील? ठेव."

मी ठेवला, पानाच्या उजव्या कडेला, मधोमध. त्या पानावर तो उडणारा माणूस कडेला लोंबकळत होता. पाय खाली मोकळे, तोंड माझ्याकडे, हात लांब करून तो वर कशाला तरी धरून होता. पण मनगटापुढे काहीच नव्हतं. कागद संपलेला. त्याची बोटं जिथे होती, नेमका तिथे माझा अंगठा होता.

मास्तरांनी मग मला सगळं वाचून दाखवलं. पहिल्या अंकापासून नाही, तेवढ्याच पानांचं. या माणसाला ठाऊक असतं की आपण पुस्तकात आहोत. हे कळल्यावर मी आधी हसलो. पण मास्तर दाखवत गेले तसा पुढे सरकून बघू लागलो. शत्रू त्याला ठोसा मारतो तर तो मागच्या चौकटीवर आपटतो, चौकटीची रेघ मोडते, आणि तिचे तुकडे पुढच्या चित्रात जमिनीवर पडलेले दिसतात. शत्रू लपतो तो बोलण्याच्या फुग्यामागे. हा तो फुगा ओरबाडून घेतो, त्यातली अक्षरं झटकून टाकतो आणि त्यावर बसून वर जातो. मग शत्रू त्याला पानाच्या कडेपर्यंत रेटत नेतो. कडेच्या पलीकडे काही नाही. हा कड धरून लोंबकळतो आणि आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्याला, म्हणतो: अंगठा घट्ट ठेवा, पान उलटू नका, उलटलंत की मी पडलो.

"आणि आपण उलटतो," मास्तर म्हणाले. "न उलटून करणार काय?"

उलटलं की तो पडतो. म्हणून पुढचं पान उलटं. त्याच्यासाठी आभाळ खाली गेलेलं असतं. त्याच्याबरोबर घरं, झाडं, एक कुत्रा, सगळं पडत असतं, आणि वाचणाऱ्याला पुस्तक हातात गरगर फिरवावं लागतं. आणि शेवटी तो रुसतो. मला सगळे पाडतात, म्हणतो, चित्रकारही आणि वाचणारेही. आणि पुस्तक सोडून निघून जातो. म्हणून कोरं पान.

"ठिपके होते त्याच्यावर," मी म्हटलं.

"ठिपके नव्हेत. त्याची पावलं. जाताना उमटलेली."

मी पुठ्ठा उघडून, ते पान जिथे लावलं होतं ते अस्तर दाखवलं. मास्तरांनी त्याच्यावर हात ठेवला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. उलट म्हणाले, जाऊ दे, परवा जे आहे ते दाखवू. आणि ते पुस्तक तसंच उचलून नेणार होते.

मी पुस्तक सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हटलं, "रविवारी सकाळी घरी आणून देतो. इथून वाईट पुस्तक गेलेलं नाही आजवर."

ते गेल्यावर मी परत ती पानं काढून बसलो. खरं सांगतो, लाजेपेक्षा मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. आयुष्य मी पुस्तकांत घालवलेलं. कागद, घडी, कड, पान उलटताना अंगठा कुठे पडतो, हे मला जेवढं ठाऊक तेवढं लिहिणाऱ्यांना नसतं. लिहिणारे कागदाकडे बघतच नाहीत. आणि कुठला कोण तो साता समुद्रापलीकडचा माणूस, त्याने माझाच माल घेतला होता, कड, पान, कोरा कागद, आणि त्याचीच गोष्ट केली होती. बांधणाऱ्याच्या चुका त्याने मुद्दाम केल्या होत्या. असा गडी मला वस्तादांनंतर दुसरा भेटला नव्हता, आणि भेटला तेव्हा मी त्याचे हात कापून बसलो होतो.

कापणीचं कातरण आमच्याकडे गोणीत भरून घरी जायचं, चूल पेटवायला. मी धावतच घरी गेलो. बायको चुलीपाशी होती, गोणी निम्मी रिकामी. मी ती जमिनीवर ओतली आणि पट्ट्या निवडायला बसलो. तिने विचारलं काय शोधताय, तर मी म्हटलं, एका माणसाची बोटं.

तिने चिमटा खाली ठेवला. "आवं, बरं हाय ना तुमचं?"

मी तिला पुस्तक दाखवलं, बोटांशिवाय लोंबकळणारा माणूस दाखवला, मग सरळ केलेलं पान. तिला अक्षरओळख नाही. दोन्ही पानं तिने नीट बघितली आणि म्हणाली, "यो परलाय ना? मंग सरळ कसा परला?"

जे समजायला मला मास्तर लागले, ते तिने असं बसल्या बसल्या ओळखलं. वर म्हणाली, माणूस पडला की उलटाच दिसणार, एवढं कळायला पुस्तकं बांधावी लागतात होय. मग तीही पट्ट्या निवडायला बसली, आणि बोटं तिलाच सापडली, बाजरीच्या दाण्याएवढ्या नखांसकट चारही. चुलीच्या तोंडाशी पडलेली, एका टोकाला जळून पिवळी झालेली पट्टी.

शनिवारी दिवसभर दुकान बंद ठेवून मी उलटं काम केलं. चहाच्या किटलीची वाफ देऊन अस्तर सोडवलं, हाडाच्या पट्टीने इंच इंच उचललं. पावलं शाबूत होती, पाच, शेवटचं अर्धवट, पानाबाहेर जाणारं. ते पान पट्टीवर घेऊन जागेवर लावलं. सरळ केलेलं पान ओलं करून काढलं आणि परत उलटं केलं. उलटं पान उलटंच नीट लावताना माझा हात दोनदा आपोआप ते सरळ करायला गेला. शेवटी बोटं. ती पट्टी मी पतंगाच्या कागदाने मागून जोडली. मनगटाला बोटं तंतोतंत लागली. पण पुस्तक तर तिन्ही बाजूंनी कापलेलं. ती एक पट्टी कडेच्या बाहेर राहिली. पुस्तक मिटलं तरी पुठ्ठ्यांच्या मधून चार बोटं बाहेर दिसत होती, कुणीतरी आतून दार धरून उभं असल्यासारखी.

कारागीर म्हणून मला ते बघवेना. पण दुसरा इलाज नव्हता.

रविवारी सकाळी मी डोंबिवलीला मास्तरांच्या खोलीवर गेलो आणि पुस्तक त्यांच्या हातात देत म्हटलं, मास्तर, हे एवढं बाहेर राहिलंय. मास्तरांनी ती बोटं बघितली. मग हसायला लागले, इतके की चष्मा काढावा लागला. म्हणाले, "अरे, त्या चित्रकाराला हेच हवं असणार. त्याला जमलं नाही. तू केलंस."

छापखानेवाला मुंजीचं जेवण जेवून आला. जाडजूड माणूस, हातात तपकिरीची डबी. बसल्याबरोबर म्हणाला, पाच मिनिटं आहेत. मास्तरांनी आपली चित्रं आणायला हात लांबवला, पण त्याची नजर पुस्तकावर गेलेली. त्याने ती बोटं नखाने हलवून बघितली.

"हे काय?"

मास्तर म्हणाले, उघडून बघा. त्याने तिथेच उघडलं. अंगठा बरोबर बोटांवर पडला. इंग्रजी त्याला येत होतं, त्याने फुगा सावकाश वाचला, आणि थांबला. डबी खाली ठेवली. मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उलटू?"

त्याने उलटलं. मग मान वाकडी केली, मग पुस्तक फिरवलं, मग स्वतःच थोडा वळला. कोऱ्या पानाशी आल्यावर त्याने पावलं मोजली आणि पान उलटून मागे बघितलं, हा गेला कुठे म्हणून. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेलेली.

मग मास्तरांनी आपली कथा काढली. तिची मी थोडी ओळख करून देतो, कारण ती मला त्या साहेबाच्या पुस्तकाहून सरस वाटते, आणि त्यात मास्तर आपले होते म्हणून असं नाही. मास्तरांचा वीर धोतर खोचून उडणारा. राहायचा ठाकुर्लीच्या वीजघराच्या धुरांड्यावर. आणि त्याचं सगळं भांडण मास्तरांशीच. कारण मास्तर दर चित्रात त्याच्या पायात चपला काढायला विसरतात आणि धुरांडं तर तापलेलं. तो मास्तरांच्या दौतीत पाय बुडवून थंड करतो, तेव्हापासून पुढची सगळी पानं शाईच्या पावलांनी भरलेली. लढाई जिंकून आल्यावर तो बक्षीस मागतो ते चपलांचं. मास्तर एकच काढतात, तेवढ्यात पान संपतं. आणि त्यातही एक पान उलटं होतं, पण दुसऱ्या कारणाने. रागावून वीरच ते पान धरून फिरवतो, म्हणजे मास्तरांना काढता येऊ नये.

छापखानेवाल्याने सगळं बघितलं. दोनदा हसला. म्हणाला, छापू. मास्तरांनी खुर्चीचा हात धरला. पण तो पुढे म्हणाला, एक गोष्ट. हे उलटं पान सरळ घ्यायचं. आपले लोक आहेत, दुकानात पुस्तक परत आणून आपटतील, बाइंडरने घाण केली म्हणतील. सरळ घेत असाल तर उद्या चित्रांचे ब्लॉक करायला देतो.

मास्तरांचा चेहरा मी बघत होतो. सहा वर्षं. पाच दारं. ओठांवर ‘चालेल’ आलेलं मला दिसलं, आणि त्यांना मी दोष दिला नसता.

मी म्हटलं, "शेठ, शिव्या बाइंडरलाच पडणार ना?"

"मग कुणाला?"

"मग मला चालतील. पान उलटं राहू द्या. सरळ लावायचं असेल तर बाइंडर दुसरा बघा."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण रे ठरवणारा?"

"असलं पान मी एकदा सरळ करून बघितलंय," मी म्हटलं. "काय होतं ते मला ठाऊक आहे."

आणि मी त्याला सगळं सांगितलं, अस्तर, किटली, चूल, बायको काय म्हणाली तेही. कुणाला चूक न दाखवायचा वस्तादांचा नियम मी त्या दिवशी परक्या माणसासमोर मोडला. तो ऐकत राहिला. मग तपकीर ओढली, शिंकला आणि म्हणाला, "परत आलेली प्रत तुझ्या दुकानात धाडीन. तू निस्तर." मी म्हटलं, धाडा.

पुस्तक छापलं, पाचशे प्रती, काळ्या शाईत, जोडीला फक्त लाल रंग. बांधणी माझी. मास्तरांनी शेवटी दोन पानं वाढवली होती. त्यात वीर पानाच्या कडेला लोंबकळतो आणि एक मोठ्या नाकाचा बाइंडर सुरी घेऊन येतो. मी म्हटलं, माझं नाक एवढं नाही. मास्तर म्हणाले, तो तू नाहीस, तो कुणीही बाइंडर आहे. पण त्याच्या मागे चुलीपाशी एक बाई पट्ट्या निवडताना दाखवली होती, तेव्हा मला काय समजायचं ते समजलं. बायकोने ते चित्र कापून भिंतीला लावायचा हट्ट धरला. मी लावू दिलं नाही. या पुस्तकात आता काही कापायचं नाही, म्हटलं.

आणि बोटं. प्रत्येक प्रतीत ती बाहेर यायला हवी होती. मी युक्ती काढली. कापणीच्या आधी त्या एका पानाची कड आत दुमडायची, पुस्तक शिकंज्यात घालून तिन्ही बाजू कापायच्या, आणि मग दुमड उघडायची. सुरी सगळ्यांना लागते, त्या एका कडेला नाही. पाचशे वेळा दुमडलं, पाचशे वेळा उघडलं. वस्तादांना एक प्रत हातात दिली. दिसत तर नव्हतं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, बोटांशी अडला, आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, कापणी राहिली. मी म्हटलं, नाही वस्ताद, हात आहे तो. ते परत परत अंगठा फिरवत राहिले.

परत आलेल्या प्रती पंधरा-वीस असतील. माणूस तणतणत यायचा, मी त्याला खोक्यावर बसवायचो आणि म्हणायचो, अंगठा ठेवा इथे. बहुतेक जण प्रत घेऊन परत गेले. एक मात्र आठवतो. ठाण्याचा कुणी कारकून असावा, इस्त्रीचा सदरा, छत्री नीट गुंडाळलेली. त्याने पुस्तक समोर ठेवलं आणि सभ्यपणे सांगितलं, आत एक पान उलटं आहे, बदलून द्या. वर म्हणाला, एक पान बाहेर आलेलं होतं, ते मात्र मी घरीच कात्रीने नीट करून घेतलं.

मी बघितलं. कड कशी सरळ कापलेली, पट्टी लावून. चांगला हात होता माणसाचा.

"कापलेलं ठेवलंय का?" मी विचारलं.

त्याने ठेवलेलं नव्हतं. मी त्याला दुसरी प्रत दिली, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि तो जाताना पायरीवर थांबून पुस्तक दोन्ही हातांत फिरवत उभा राहिलेला मी बघितला. त्याची ती प्रत मी ठेवून घेतली. मास्तर गेले, वस्ताद तर त्याआधीच गेले, छापखानाही राहिला नाही. माझ्याकडे त्या पुस्तकाची तेवढी एकच प्रत उरली आहे, बिनबोटांची. नवी बोटं काढून जोडणं मला अवघड नाही, हात अजून चालतो. पण जोडली नाहीत. कुणी ती प्रत हातात घेऊन पान उलटायला लागलं, की मी म्हणतो, थांब, अंगठा घट्ट ठेव, धरायला त्याच्याकडे आता काही नाही.